साक्षी कीं रखवालदार?

रात्रीं अंथरुणाला पाठ टेकल्यावर माणसाला झोंप येते ती केवळ श्रमामुळें येते असें नाहीं. कोणी तरी जागें आहे या भरंवशावरहि ती येत असते. लहान मूल आईच्या हाताखालीं निजतें, आजारी माणूस उशाशीं बसलेल्या आप्ताच्या चाहुलीवर डोळे मिटतो, आणि जुन्या काळीं सबंध गांव जागल्याच्या हांकेवर निश्चिंत झोंपत असे. ती हांक अर्धवट झोंपेंत कानावर यावी आणि कूस बदलून पुन्हां डोळा लागावा, असा तो नित्याचा क्रम होता. नुसत्या हांकेंत चोराला पकडण्याचें सामर्थ्य कोठून असणार? परंतु हांकेच्या मागें एक जागा माणूस होता, त्याच्या हातीं काठी होती, आणि त्यानें आरोळी ठोकली तर उठून धांवणारीं चार घरें होतीं. हांकेचें सारें मोल या तीन गोष्टींवर अवलंबून होतें. यांपैकीं एक जरी उणी झाली, तरी हांक तीच राहिली असती. मात्र गांवाची झोंप फसवी ठरली असती.

विज्ञानानें आतां एक नवा जागल्या निर्माण केला आहे. त्याची चौकी वेशीपाशीं नसून माणसाच्या छातींत, हांसडीखालीं, कातडीच्या आड असते. पेसमेकर या नांवानें तो घरोघर परिचित झाला आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत त्याच्या अंगीं जो एक नवा गुण आला, त्याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतूनहि फारसा झालेला दिसत नाहीं. पूर्वीं हें यंत्र हृदयाला केवळ चालना देत असे; आतां तें हृदयाची वार्ता दूरवर कळवितेंहि. रुग्ण आपल्या घरीं निजलेला असतो, आणि त्याच्या हृदयाची हकीकत त्याच्या नकळत शेंकडों कोसांवर जाऊन पोंचते. ही सोय म्हणजे रुग्णाची काळजी घेणें होय, कीं त्याच्यावर नुसती नजर ठेवणें होय? प्रश्न वैद्यकाचा वाटला, तरी मुळांत तो नीतीचा आहे, आणि म्हणूनच तो येथें चर्चेस घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषयाची उकल होण्यासाठीं यंत्राची थोडी माहिती हवी. निरोगी हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. विसांव्याच्या वेळीं मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळां तो विजेचा सूक्ष्म स्पंद उत्पन्न करतो, आणि त्याच्या हुकमानें हृदय दिवसाला सुमारें एक लाख ठोके देतें. हा पुंजका थकला, किंवा त्याचा हुकूम खालच्या कप्प्यांपर्यंत नेणारी वाट बंद झाली, म्हणजे ठोके मंदावतात, मेंदूला रक्त पुरेनासें होतें, आणि चालतां-बोलतां माणूस कोसळतो. अशा रुग्णाला पेसमेकर बसवितात. धातूच्या छोट्या डबींत एक बॅटरी व थोडी विजेची जुळणी, आणि तेथून निघून शिरेच्या वाटेनें हृदयांत उतरलेल्या एक-दोन तारा, एवढाच त्याचा पसारा. हा मोठा मितभाषी सेवक आहे. हृदयाचा स्वतःचा ठोका वेळेवर आला तर तो गप्प राहतो. न आला तरच आपला स्पंद देतो. म्हणजे बोलण्यापूर्वीं तो ऐकतो, आणि जें ऐकतो तें टिपून ठेवतो.

नव्या यंत्रांतील हीं टिपणें बिनतारी मार्गानें बाहेर येतात. रुग्णाच्या पलंगाजवळ एक लहान पेटी ठेवलेली असते. अलीकडे कांहीं ठिकाणीं मोबाइल फोनच तिचें काम करतो. बॅटरींत किती जीव उरला आहे, तारा शाबूत आहेत काय, ठोक्यांची लय मध्येंच बिघडली काय, ही हकीकत ती पेटी बहुधा रात्रीं, रुग्ण झोंपेंत असतां, उचलून घेते आणि यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या संगणकांकडे धाडते. तेथून ती रुग्णालयांतील तंत्रज्ञाच्या पडद्यावर उतरते. रुग्णाला यांत कांहींच करावें लागत नाहीं. हाच या योजनेचा मोठा गुण, आणि आम्ही पुढें दाखवूं त्याप्रमाणें, हाच तिच्यांतील धोकाहि होय.

शरीरांत बसविलेल्या पेसमेकरचा इतिहास एका बाईच्या हट्टानें सुरू होतो. स्वीडनमधील आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थांची शुद्ध दिवसांतून वीस-तीस वेळां हरपूं लागली होती. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनीं शस्त्रवैद्य ओके सेनिंग आणि यंत्रतज्ज्ञ रूने एल्मक्विस्ट यांचा अक्षरशः पिच्छा पुरविला. अखेरीस बुटाच्या पॉलिशच्या डबीचा सांचा करून त्यांत राळ ओतून एल्मक्विस्ट यांनीं तें यंत्र घडविलें, आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयांत सेनिंग यांनीं तें लार्सन यांच्या शरीरांत बसविलें. तें कांहीं तासांतच बंद पडलें! दुसरें बसवावें लागलें. पुढील आयुष्यांत लार्सन यांना वीसाहून अधिक यंत्रें बदलावीं लागलीं. परंतु २००१ सालीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, ते वारले तेव्हां त्यांना वांचविणारे ते दोघेहि त्यांच्या आधींच हें जग सोडून गेले होते. या कथेंत यंत्राचा पराक्रम आहे हें खरें. परंतु त्या यंत्राच्या आधीं एक जागें माणूस होतें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

यंत्रें वाढलीं तसा त्यांच्या तपासणीचा प्रश्न उभा राहिला. १९७१ सालीं न्यूयॉर्कमधील सीमोर फर्मन व त्यांचे सहकारी यांनीं टेलिफोनवरून पेसमेकर तपासण्याची पद्धति प्रसिद्ध केली. रुग्णानें ठरल्या वेळीं टेलिफोन उचलावा, हृदयाचे स्पंद आवाजाच्या रूपानें तारेवरून पाठवावे, आणि पलीकडच्या माणसानें ते उतरवून घ्यावे, असा तो प्रकार होता. या जुन्या पद्धतींत एक गोष्ट आपोआप घडत असे, ती ही कीं दोन्ही टोकांना माणसें जागीं असत. "काल जिना चढतांना जरा गरगरलें," असें रुग्ण सहज सांगून जाई, आणि यंत्रानें न टिपलेली हकीकत पलीकडच्याला कळे. २००१ सालीं आपोआप वार्ता देणाऱ्या यंत्रांना अमेरिकेंत मान्यता मिळाली. तेव्हांपासून रुग्णाचें टोंक झोंपीं गेलें, आणि पलीकडच्या टोंकाला कोण जागें आहे, हें त्याला कळेनासें झालें.

या सोयीचे लाभ मोठे आहेत, आणि ते नाकारणें हा कृतघ्नपणा होईल. पेसमेकरचें एक भावंड, झटका देऊन बेताल हृदय ताळ्यावर आणणारें यंत्र, बसविलेल्या १,३३९ रुग्णांवर अमेरिकेंत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० सालीं प्रसिद्ध झाले. दूरवरून देखरेख ठेवल्यानें रुग्णालयांतील तपासण्या ४५ टक्क्यांनीं घटल्या, आणि जो बिघाड वैद्यांच्या ध्यानांत येण्यास एरव्हीं साधारणतः ३६ दिवस लागत, तो दोन दिवसांच्या आंत कळूं लागला. २०१५ सालीं हार्ट ऱ्हिदम सोसायटी या तज्ज्ञांच्या संस्थेनें अशी देखरेख हा उपचाराचा नित्य भाग समजावा, असें मत दिलें. सिंधुदुर्गांतील एखाद्या खेड्यांत राहणाऱ्या वृद्धाला यंत्र तपासून घेण्यासाठीं कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गांठावी लागते, हें ज्यांस माहीत आहे त्यांस या सोयीची थोरवी सांगावयास नको. आपल्याकडे ती अजून सरसहा मिळत नाहीं याचें दुःखच मानलें पाहिजे.

असें असूनहि आमच्या मनांत शंकेचें बीज पडलें तें एका अनुभवानें. आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही मुलें परदेशीं, घरीं ते आणि त्यांच्या पत्नी. मुलांनीं आग्रहानें आणि स्वखर्चानें वडिलांना वार्ता देणारा पेसमेकर बसवून घेतला. पलंगाशेजारच्या तिवईवर ती पेटी आली. तिचा हिरवा दिवा रात्रभर मंद तेवत असे, आणि गुरुजी त्याला विनोदानें 'नंदादीप' म्हणत. "डॉक्टर उशाशीं बसले आहेत, आतां कसली चिंता?" असें ते भेटेल त्याला सांगत. मुलेंहि तिकडे निर्धास्त झालीं. त्यांचे रोजचे फोन आठवड्यावर आले.

एका शनिवारीं मध्यरात्रीनंतर गुरुजींना घेरी आली. तारेंत दोष उत्पन्न होऊन यंत्र मधून मधून चुकत होतें, असें पुढें कळलें. ते उठून बसले, पेटीकडे पाहिलें, दिवा तेवत होता. "त्यांना कळलेंच असेल, कांहीं वावगें असतें तर फोन आला असता," असा विचार करून त्यांनीं शेजारीं झोंपलेल्या पत्नीलाहि हांक मारली नाहीं. पहांटे ते न्हाणीघरांत पडले आणि त्यांचें मनगट मोडलें. सोमवारीं सकाळीं दहाच्या सुमारास रुग्णालयाचा फोन आला. पेटीनें आपलें काम चोख केलें होतें. वार्ता शनिवारीं रात्रींच पोंचली होती. ती वाचणारा माणूस सोमवारीं आला.

यांत अपराध कोणाचा? रुग्णालयानें कांहीं लपविलें नव्हतें. पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत, बारीक इंग्रजी टाइपांत, ही आणीबाणीची सेवा नव्हे असें स्पष्ट छापलेलें आम्हीं स्वतः पाहिलें. तंत्रज्ञ कामचुकार नव्हता. रविवार ही त्याची हक्काची सुटी होती. गुरुजी अडाणी नव्हते, मुलें निर्दय नव्हतीं. प्रत्येकानें आपापलें कर्तव्य नियमाप्रमाणें केलें, आणि तरीहि एक वृद्ध मनुष्य त्या रात्रीं पूर्वींपेक्षां अधिक असहाय झाला. कारण पेटी नसती तर त्यानें पत्नीला उठविलें असतें. आमच्या मतें या प्रश्नाचें मर्म येथें आहे. पहारा नसणें ही एक आपत्ति; पण पहारा आहे असें वाटणें आणि तो नसणें ही त्याहून मोठी आपत्ति होय. पहिलींत माणूस स्वतः जागा राहतो. दुसरींत त्याची स्वतःची जागहि हिरावून घेतली जाते.

नुसतें पाहणें आणि राखणें या दोन क्रिया भिन्न आहेत, याला शास्त्रीय प्रयोगांतूनहि थोडाफार दुजोरा मिळतो असें आम्हांस वाटतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दुर्बळ हृदयाच्या ६६४ रुग्णांची पाहणी केली होती. दूरवरून देखरेख असलेल्या गटांत वर्षभरांत १० मृत्यु झाले, तर दुसऱ्या गटांत २७. तेथें वार्ता रोज येई, आणि जर्मनींतील लाइपझिग येथें खास बसविलेलीं माणसें ती पाहून रुग्णालयांना कळवीत. उलट इंग्लंडमधील १,६५० रुग्णांचा एक अभ्यास २०१७ सालीं बाहेर आला. तेथें वार्ता आठवड्यांतून एकदां उतरवून घेत, आणि रुग्णांच्या आयुर्मानांत कांहींच फरक आढळला नाहीं. दोन्ही अभ्यासांची रचना अनेक बाबतींत निराळी होती, तेव्हां यावरून एकच सिद्धांत काढणें धाडसाचें होईल. तथापि वार्तेच्या पलीकडे कोण बसला आहे, आणि ती वाचून तो किती त्वरेनें उठतो, यावर बरेंच कांहीं अवलंबून असावें, असें समजण्यास जागा आहे.

आपल्या तत्त्वज्ञानांत साक्षित्वाची मोठी महती आहे. मुंडकोपनिषदांतील दोन पक्ष्यांचा दृष्टान्त सर्वश्रुत आहे: एक फळ खातो, दुसरा न खातां नुसता पाहतो. त्या पाहणाऱ्याची अलिप्तता हेंच त्याचें थोरपण. चित्रगुप्तहि असाच, तो प्रत्येक कृत्याची नोंद ठेवतो, पण बुडत्याला हात देणें हें त्याच्या अधिकारांत नाहीं. परंतु जें परब्रह्माला शोभतें तें माणसाला शोभतेंच असें नाहीं. माणसानें दुसऱ्या माणसाचें दुःख पाहिलें, कीं त्या क्षणीं पाहण्याचें ऋण त्याच्या माथ्यावर चढतें. रस्त्यांत पडलेल्याकडे ज्याचें लक्षच गेलें नाहीं तो निर्दोष असूं शकेल. ज्याचें गेलें आणि जो पुढें निघून गेला त्याला तसें म्हणतां येणार नाहीं. म्हणून दुसऱ्याच्या हृदयावर रात्रंदिवस नजर ठेवण्याची व्यवस्था ज्यानें उभारली, त्यानें धांवून जाण्याची निदान कांहीं तरी व्यवस्था उभारलीच पाहिजे, किंवा आपण धांवून येऊं शकत नाहीं असें स्वच्छ शब्दांत सांगितलें पाहिजे. तिसरा मार्ग प्रामाणिक नव्हे.

साक्षी हा केवळ साक्षीच राहिला तर तो केव्हां कोणाच्या बाजूनें उभा राहील याचाहि नेम नसतो. अमेरिकेंत ओहायो राज्यांतील मिडलटाऊन येथें २०१६ सालीं एका गृहस्थाचें घर जळालें. आग लागल्यावर आपण भराभर सामान बांधून खिडकींतून बाहेर टाकलें, असें त्यानें सांगितलें. पोलिसांनीं न्यायालयाचा हुकूम मिळवून त्याच्या पेसमेकरमधील नोंदी हस्तगत केल्या, आणि त्या पाहून एका हृदयरोगतज्ज्ञानें त्याची हकीकत संभवनीय नाहीं असें मत दिलें. २०१७ सालीं न्यायाधीशांनीं त्या नोंदी पुराव्यांत घेण्यास संमति दिली. खटला उभा राहण्यापूर्वींच, २०२० सालीं, तो गृहस्थ वारला. त्यामुळें तो दोषी होता कीं निर्दोष याचा निकाल लागला नाहीं. गुन्हा उघडकीस यावा याविषयीं दुमत नाहीं. परंतु ज्याला आपण प्राणरक्षणासाठीं छातींत जागा दिली, तोच आपल्याविरुद्ध साक्षीदार होऊं शकतो, ही गोष्ट यंत्र बसवून घेण्यापूर्वीं किती जणांच्या कानावर घातली जाते? रखवालदार धन्याशीं बांधलेला असतो. साक्षीदार कोणाशींच बांधलेला नसतो.

येथें कोणी अशी हरकत घेईल कीं, तुमचें म्हणणें ऐकण्यास गोड, पण व्यवहारांत अशक्य. हजारों रुग्णांच्या वार्ता रोज येणार. त्यांतील पुष्कळशा निरर्थक असणार. त्या सर्वांपुढें रात्रंदिवस माणूस बसवायचा तर खर्च कोणी सोसावा? शिवाय थोडी तरी नजर असणें हें मुळींच नसण्यापेक्षां बरें नव्हे काय? ही हरकत वजनदार आहे. २०२३ सालीं निरनिराळ्या खंडांतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनीं एकत्र येऊन जें मत प्रसिद्ध केलें त्यांत हजार रुग्णांमागें किमान तीन पूर्णवेळ कर्मचारी असावे अशी शिफारस आहे. म्हणजे देखरेख हें यंत्राचें काम नसून माणसांचें काम आहे, हें त्या तज्ज्ञांनींच मान्य केलें. तेवढीं माणसें सर्वत्र मिळणार नाहींत हेंहि आम्ही जाणतों. प्रत्येक पेटीमागें रात्रभर जागणारा वैद्य हवा असा आमचा आग्रह नाहीं. आमचा आग्रह इतकाच कीं, जेवढा पहारा आहे तेवढाच सांगावा. दिवसाचा पहारेकरी दिवसाचा म्हणून ठेवण्यांत कमीपणा कसला? त्याच्या नांवानें रात्रीं दिवा लावून ठेवण्यांत मात्र असत्य आहे, मग तें कोणी मुद्दाम केलेलें नसो.

आणि हें असत्य केवळ रुग्णालयाकडूनच होतें असें नाहीं. कुटुंबेंहि त्यांत वांटेकरी असतात, हें नमूद न केल्यास आमचा विचार एकांगी होईल. दूरदेशीं गेलेल्या मुलाला आईबापांच्या काळजीनें ग्रासलेलें असतें. यंत्र घेऊन दिलें कीं तें ओझें हलकें होतें. हलकें होण्यांत गैर कांहीं नाहीं, पण तें ओझें यंत्रानें उचलेलें नसून केवळ आपल्या खांद्यावरून उतरलेलें असतें. यंत्राला ठोका चुकला तें कळतें. जेवण चुकलें तें कळत नाहीं. आवाज खोल गेला आहे, बोलणें अडखळतें आहे, औषधाची गोळी परवडत नाहीं म्हणून अर्धी करून घेतली जात आहे, यांतील कांहींच त्या तारेवरून येत नाहीं. तें ज्या तारेवरून येत असे, तो रोजचा फोन, नेमका या पेटीच्या भरंवशावर आठवड्यावर गेलेला असतो!

जागल्याच्या हांकेमागें तीन गोष्टी होत्या असें आम्हीं आरंभीं म्हटलें. यंत्र बसवून घेणाऱ्या प्रत्येकानें त्याच तिहींविषयीं विचारावें. ही वार्ता कोण वाचतो, आणि कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं? ती वाचून काय करण्याचा त्याला अधिकार व सामर्थ्य आहे? आणि तो जागा नसेल त्या वेळीं धांवून येणारें घर कोणतें? वैद्याला हे प्रश्न विचारणें हा त्याच्यावरील अविश्वास नव्हे. उलट कितपत विश्वास ठेवावा हें ठरविण्याचा तोच सरळ मार्ग आहे. चांगल्या वैद्याला त्यांचा राग येणार नाहीं; रुग्णाच्या भाषेंत, मोठ्या अक्षरांत त्यांचीं उत्तरें लिहून देणें हें त्यालाहि जड वाटूं नये.

गुरुजींची तार बदलली, मनगटहि सांधलें. पेटी पूर्वींच्याच जागीं आहे, आणि ती काढून टाकण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाहीं. आम्हींहि तसा सल्ला दिला नसता. मात्र तिवईवर आतां देवघरांतील पितळेची घंटा ठेवलेली असते, आणि पेटीखालीं एक कागद. त्यावर त्यांनीं स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहिलें आहे: "सोमवार ते शनिवार, सकाळीं दहा ते पांच: रुग्णालय. इतर वेळीं: सौ.ला उठवावें." खालीं आमच्या घरचा फोन आहे. त्या कागदावर आपलें घर असावें याचा आम्हांस अभिमान वाटतो. आणि खरें सांगावयाचें तर, तेव्हांपासून आमची झोंप पूर्वींपेक्षां थोडी सावध झाली आहे.